पाटी बदलली, काउंटरमागे काय झालं?

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही बँक संपली. मराठवाड्याच्या दृष्टीने ही काही किरकोळ बातमी नव्हती. १९४१ साली निजामाच्या राजवटीत ‘हैदराबाद स्टेट बँक’ या नावाने ती निघाली. उस्मानिया सिक्का या संस्थानी चलनाचा कारभार तिच्याकडे होता, आणि औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. पुढे संस्थान गेलं, भाषावार राज्यं झाली, बँकेच्या नावातले शब्द मागेपुढे झाले, १९५९ मध्ये ती स्टेट बँकेची सहयोगी बँक झाली. तरी तालुक्याच्या गावचा शेतकरी पीककर्जाला आणि मास्तर पगाराला जायचे ते ‘हैदराबाद बँके’तच. बिकानेर अँड जयपूर, म्हैसूर, पतियाळा, त्रावणकोर या सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकही त्याच दिवशी स्टेट बँकेत विलीन झाल्या.

ग्राहकाला दिसलं ते एवढंच: पाटी बदलली, चेकबुक बदललं, आयएफएससी कोड बदलला. वर्तमानपत्रांनी थकीत कर्जांचे आकडे दिले, शाखांची बेरीज केली. काउंटरमागे बसणाऱ्यांचं त्या काळात काय चाललं होतं, याला बातमीमूल्य नव्हतं.

हा अनुभव नंतर बऱ्याच जणांच्या वाट्याला आला. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. बरोबर वर्षाने, देश लॉकडाउनमध्ये घरी बसलेला असताना, ओरिएंटल, युनायटेड, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन आणि अलाहाबाद अशा सहा बँका चार मोठ्या बँकांत मिसळल्या. २०१७ च्या सुरुवातीला सत्तावीस असलेल्या सरकारी बँका बारावर आल्या. हजारो माणसांनी राजीनामा दिला नाही, कुठे मुलाखत दिली नाही, घरून निघून रोजच्याच खुर्चीवर जाऊन बसली, आणि तरी त्यांचा मालक बदलला. नोकरीतल्या बदलाने मनावर काय परिणाम होतो आणि माणसं तो कसा निभावून नेतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे शोधून सापडणार नाही.

सगळ्यात वाईट काळ कोणता, असं विलीन झालेल्या बँकेतल्या कुणालाही विचारा. प्रत्यक्ष विलीनीकरणाचा दिवस कुणी सांगत नाही. त्याआधीचे महिने सांगतात. सहयोगी बँकांच्या बाबतीत तर ही वर्षं होती. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र २००८ मध्ये विलीन झाली, इंदूर २०१० मध्ये, तेव्हाच बाकीच्यांना कळलं होतं की पाळी आपलीही येणार. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली जून २०१६ मध्ये आणि अंतिम मंजुरी फेब्रुवारी २०१७ मध्ये. अशा मधल्या काळात शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय येतं हे बँकेत काम केलेल्याला सांगायला नको. बदली कुठल्या राज्यात होणार? सीनियॉरिटी कशी धरणार? जवळ-जवळच्या दोन शाखांपैकी कुठली बंद होणार? पेन्शनचे नियम जुने की नवे? प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, आणि चारही ‘हेड ऑफिसातून पक्की कळलेली’.

या अधांतरी अवस्थेचा त्रास भित्र्या स्वभावामुळे होतो असं वाटत असेल तर लंडनमधला एक प्रयोग ऐका. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी काही स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसतो, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. कुठल्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता बदलत राहायचं. संशोधक घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजत होते. झटका नक्की बसणार असं ठाऊक असतानाही जेवढा ताण आला नाही, तेवढा ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. म्हणजे वाईट बातमीपेक्षा ‘बघू या काय होतंय’ हे शरीराला जास्त महागात पडतं.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावाही आहे, आणि तो सरकारी कचेरीतला आहे. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा ‘व्हाइटहॉल २’ नावाचा दीर्घ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. तो चालू असतानाच त्यातल्या एका खात्याचं खासगीकरण होणार असं ठरलं. संशोधकांकडे या लोकांच्या तब्येतीच्या आधीच्या नोंदी होत्या, त्यामुळे तुलना करणं सोपं झालं. १९९५ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यातली खरी मेख अशी, की खासगीकरण झालंही नव्हतं, नुसती चाहूल लागली होती, आणि तेवढ्यानेच त्या खात्यातल्या लोकांच्या प्रकृतीच्या तक्रारी इतर खात्यांपेक्षा वाढल्या होत्या. कुणाची नोकरी तोवर गेलेली नव्हती.

तर मग उपाय काय? वरिष्ठांचं नेहमीचं उत्तर असतं, ‘आत्ताच काही सांगता येत नाही, पक्कं झालं की सांगू’. ऐकायला ते जबाबदारीचं वाटतं. पण अमेरिकेत श्वायगर आणि डेनिसी या दोघांनी एका प्रत्यक्ष विलीनीकरणात याची परीक्षा घेतली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. एकाच कंपनीचे दोन कारखाने निवडले. एका कारखान्याला नेहमीप्रमाणे वरिष्ठांचं एक गोडगोड पत्र आलं. दुसऱ्यासाठी माहितीपत्रक सुरू केलं, प्रश्न विचारायला फोन लाइन दिली, आणि विभागवार बैठका नेमाने घेतल्या. सांगण्यासारखं सगळं चांगलं नव्हतं. काही कळलेलं नसेल तर ‘हे अजून ठरलेलं नाही’ असंही सांगितलं जायचं. घोषणेनंतर दोन्हीकडे चिंता वाढली आणि कंपनीवरचा विश्वास घसरला. नंतर पहिल्या कारखान्यात तो घसरतच राहिला, दुसऱ्यात घसरण थांबली आणि हळूहळू गाडी रुळावर आली. दोन्हीकडच्या माणसांचं नशीब सारखंच होतं, फरक पडला तो सांगण्या-न सांगण्याने.

वाईट निर्णयसुद्धा नीट सांगितला तर माणसं वेगळी वागतात, याचा जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये दिलेला पुरावा जरा झोंबणारा आहे. एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार पंधरा टक्के कापला. एका ठिकाणी प्रमुखाने सुमारे दीड तास बसून कारण समजावलं, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत कार्यक्रम आटोपला. दोन्हीकडे कारखान्यातल्या चोऱ्या मोजल्या गेल्या. जिथे घाईत उरकलं तिथे चोऱ्यांचं प्रमाण खूपच जास्त वाढलं. पगार दोघांचा तेवढाच कापला होता. कापलेले पैसे माणसाला सलतात, पण आपल्याला दीड तासाच्याही लायकीचं समजलं नाही हे त्याहून जास्त सलतं.

आता काउंटरवर येऊ.

खात्यांचा डेटा नव्या सिस्टीमवर गेल्यानंतरचा पहिला सोमवार कुठल्याही विलीन बँकेत जवळपास सारखाच असतो. दहा वाजायच्या आधीच बाहेर रांग. पेन्शनर मंडळी सगळ्यात पुढे, पिशवीत जुनं पासबुक. नवी पासबुकं अजून आलेली नाहीत, प्रिंटर जुनं घेत नाही. काउंटरवरच्या बाईंची बोटं वीस वर्षांच्या सवयीने जुना मेनू टाइप करतात, स्क्रीन लाल अक्षरात नाही म्हणते. शेजारच्या काउंटरवर हेड ऑफिसने पाठवलेला तरुण मुलगा सांगतो, ‘मॅडम, आता तो कोड नाही, दुसरा आहे’. कोड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असतो, पण तेवढ्यात लिंक जाते. समोरचे आजोबा विचारतात, ‘बाई, माझे पैसे आहेत ना?’ मागून कुणीतरी मोठ्याने म्हणतं, ‘बँक मोठी झाली म्हणे!’ रांगेत हशा पिकतो. बाई हसून म्हणतात, ‘दोन मिनिटं थांबा काका, पैसे कुठे जात नाहीत’. संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत हे वाक्य त्या किती वेळा म्हणतात याला गणती नाही.

हे हसणं कामाचाच भाग आहे आणि त्याला श्रम पडतात, हे नीट मांडलं आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी. १९८३ च्या त्यांच्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास केला. एकींना दिवसभर प्रेमळ दिसायचं, दुसऱ्यांना दिवसभर दरडावायचं. दोघांच्याही पगारात त्यांच्या चेहऱ्याचा हिशेब धरलेला. हॉकशील्ड यांनी यात दोन प्रकार पाडले: चेहरा बदलायचा पण मन तसंच ठेवायचं, किंवा समोरच्याबद्दल खरोखर तसं वाटावं म्हणून मनातच खटपट करायची. पुढच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं की पहिला प्रकार जास्त थकवतो. वरच्या बाईंनी ‘हे आजोबा माझ्या वडिलांसारखे घाबरलेत’ असं मनात आणलं, तर तेच वाक्य त्यांना कमी महाग पडतं. पण शंभराव्या माणसापर्यंत हे कुणाला जमेल?

दाबलेल्या भावनेचं काय होतं, याचे प्रयोग जेम्स ग्रॉस यांनी केले. १९९३ मध्ये रॉबर्ट लेव्हन्सन यांच्याबरोबर त्यांनी लोकांना किळस येईल अशा शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे खरंच शांत राहिले, शरीराच्या आतली खळबळ मात्र उलट वाढली. पुढच्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली: भावना दाबत बसलेल्या माणसांना त्या वेळी ऐकलेली-पाहिलेली माहिती कमी आठवते. मला हा निष्कर्ष बँकेच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. नवा मेनू, नवे कोड, नवे फॉर्म डोक्यात बसवायचा जो काळ, नेमका तोच काळ दिवसभर तोंड गोड ठेवण्याचा. पन्नाशीतल्या क्लार्कला ‘नवं शिकता येत नाही’ असा शिक्का मारण्याआधी त्याच्या काउंटरपुढची रांग मोजावी.

चेहरा उतरवून ठेवायची जागा म्हणजे चहाची टपरी. शाखेतल्या चार जणांनी चहाला जाऊन हेड ऑफिसला लाखोली वाहणं हा बँकिंगमधला जुना प्रघात आहे, आणि वरिष्ठ त्याला ‘निगेटिव्हिटी’ म्हणतात. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमे यांनी या बोलण्यावरच आयुष्यभर काम केलं. मन हलवणारा प्रसंग घडला की माणूस तो बहुधा त्याच दिवशी कुणाला तरी सांगतो, असं त्यांना आढळलं. सांगितल्याने माणसं जवळ येतात, बरं वाटतं. मात्र नुसतं सांगितल्याने मूळ त्रासाची धार कमी होतेच असं नाही. म्हणजे टपरीवरचा चहा जरूर हवा, पण तीच तक्रार त्याच चौघांत सहा महिने फिरत राहिली तर तिचा उपयोग फक्त चहावाल्याला.

बोलून जे होत नाही ते कधी कधी लिहून होतं. जेम्स पेनेबेकर यांची लेखनपद्धत प्रसिद्ध आहे: काही दिवस, रोज थोडा वेळ, जे खुपतंय ते कुणालाही न दाखवता लिहायचं. शुद्धलेखनाची फिकीर करायची नाही. १९९४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ही रीत नोकरी गेलेल्या अनुभवी इंजिनियरांवर वापरली. ज्यांनी नोकरी जाण्याबद्दल मनातलं लिहिलं त्यांना पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा लवकर काम मिळालं. अर्ज त्यांनी जास्त केले होते असंही नाही. राग कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीच्या खोलीत सोबत आला नसावा, असा संशोधकांचा अंदाज होता.

आता ‘सकारात्मक राहा’ या सल्ल्याकडे. विलीनीकरणानंतर बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण वर्ग होतात. त्यात बाहेरून आलेला एक वक्ता बदलाकडे संधी म्हणून पाहायला सांगतो. घटनेचा अर्थ बदलून पाहणं ही खरोखरच प्रभावी रीत आहे, भावना दाबण्यापेक्षा कितीतरी बरी. ग्रॉस यांनी ते दाखवलेलंच आहे. पण यात एक मोठी अट आहे आणि वक्ता ती सांगत नाही. २०१३ मध्ये अ‍ॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की जो त्रास आपल्या हातात नाही, त्यात अर्थ बदलून पाहणाऱ्यांना नैराश्य कमी येतं. जो त्रास आपल्याला बदलता येण्यासारखा आहे, त्यात मात्र असं करणाऱ्यांची अवस्था जास्त वाईट दिसली. विलीनीकरण झालं, हे हातातलं नाही. तिथे ‘मोठ्या बँकेत शिकायला मिळेल’ म्हणणं शहाणपणाचं आहे. पण आपली सीनियॉरिटी चुकीची लागली असेल, आजारी आईला सोडून सातशे किलोमीटरवर बदली झाली असेल, तर संधी शोधत बसू नये, अर्ज करावा. त्यात जो राग येतो तो कामाचा राग आहे. त्याची समजूत घालून त्याला झोपवलं तर अर्ज करायची मुदत निघून जाते.

याच प्रशिक्षण वर्गांत स्लाइडवर बदलाच्या टप्प्यांचा वळणदार आलेख दिसला की मला तर कंटाळाच येतो: आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग खिन्नता, शेवटी स्वीकार. हा क्रम आला एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातून. त्या मरणासन्न रुग्णांशी बोलत होत्या. ज्यांच्या बदल्या झाल्या त्यांच्याशी नव्हे. पुढच्या संशोधनाला हे टप्पे असे एकापाठोपाठ एक येताना फारसे सापडलेही नाहीत. तरी व्यवस्थापनाला हा आलेख प्रिय आहे, कारण त्यात शेवटी ‘स्वीकार’ ठरलेलाच असतो आणि कर्मचाऱ्याचा विरोध हा त्याच्या आजाराचा टप्पा ठरतो. त्या मानाने विल्यम ब्रिजेस यांनी १९८० च्या सुमारास मांडलेली गोष्ट साधी आणि उपयोगी आहे. ते म्हणत, बदल ही बाहेरची घटना, आणि तिच्याशी जुळवून घेणं ही आतली वाटचाल. ती वाटचाल सुरू होते जुनं संपल्याच्या जाणिवेपासून. मध्ये एक रिकामा पट्टा असतो, जिथे जुनं चालत नाही आणि नवं अंगवळणी पडलेलं नसतं.

या रिकाम्या पट्ट्याचा बँकांतला पुरावा कागदोपत्री आहे. विलीन झालेल्या बँकेच्या नावामागे इंग्रजी ‘ई’ लावून तिची माणसं ओळखली जातात, म्हणजे ‘पूर्वाश्रमीच्या अमुक बँकेचे’: ई-एसबीएच, ई-आंध्रा, ई-कॉर्पोरेशन. पाटी बदलून वर्षं झाली तरी डबा खाताना टेबलं ‘आपली’ आणि ‘त्यांची’ असतात. यात युनियनचाही गुंता होता. सहयोगी बँकांतले बरेच कर्मचारी एआयबीईए या महासंघाशी जोडलेले होते आणि स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांची फेडरेशन वेगळी. म्हणजे बँकेबरोबर अडीअडचणीला ज्यांच्याकडे जायचं ते पुढारीही बदलले. संशोधन सांगतं की नव्या संस्थेत आपलं जुनं काहीतरी चालू राहिलं आहे असं वाटलं तर माणूस नव्याला लवकर आपलं म्हणतो. मोठ्या बँकेच्या माणसांना हे आपोआप मिळतं: पाटी त्यांची, फॉर्म त्यांचे, साहेब त्यांचे. त्यांना वाटतं, हे लोक एवढे का चिडलेत? त्यांचं स्वतःचं काहीच हललेलं नसतं.

बदलात माणसाचा हात लागला तर काय होतं, याचा एक जुना पुरावा अमेरिकेतला आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या हार्वुड कंपनीच्या पायजमा कारखान्यात कामाची रीत बदलायची होती. कॉक आणि फ्रेंच यांनी १९४८ मध्ये लिहिलं आहे की ज्या गटाला बदल नुसता सांगितला, त्यातल्या सतरा टक्के कामगारांनी चाळीस दिवसांत नोकरी सोडली. ज्या गटांना बदल ठरवण्यात सामील केलं, त्यातल्या कुणीही सोडली नाही, आणि त्यांचं काम आधीपेक्षा वाढलं.

दुसरा पुरावा आपल्या शेजारचा, अहमदाबादचा, आणि मला तो जास्त आवडतो. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते. माग नवे, पण उत्पादन अपेक्षेइतकं निघेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसलं ते असं: एका शेडमध्ये २२४ माग, त्यांवर २९ माणसं, आणि त्यांची कामं बारा प्रकारची. कुणी फक्त सूत जोडणार, कुणी फक्त बॉबिन भरणार, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळ्या संख्येचे माग. कोण कुणाबरोबर काम करतो हे त्यांनाच सांगता येईना. राइस यांनी सुचवलं की मागांचे संच पाडा आणि प्रत्येक संच एका छोट्या टोळीकडे द्या. मुकादम आणि कामगारांनी ती कल्पना उचलली ती इतक्या झपाट्याने, की टोळीत कोण कोण असणार याच्या याद्या त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी तयार केल्या. बाहेरचा साहेब आणि मालक बघत राहिले. सुरुवातीला चढउतार झाले, पुढे उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. ज्या कामगारांना ‘यंत्राची सवय नाही’ म्हणत होते तेच हे कामगार.

बँकांतही याचं उदाहरण आहे. १९८० च्या दशकात ‘कॉम्प्युटर येणार, नोकऱ्या जाणार’ ही भीती प्रत्येक शाखेत होती. १९८३ मध्ये बँकांची संघटना आयबीए आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्यात यंत्रांवर मर्यादा आल्या, यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता ठरला. त्या करारामुळे संगणकीकरण लांबलं अशी टीका नंतर खूप झाली आणि ती अगदीच चूक नाही. पण शाखेतल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर भीतीला एक टेबल मिळालं होतं, जिथे तिच्यावर बोलणी होत होती आणि तिचं काहीतरी लेखी उत्तर येत होतं. पुढे कोअर बँकिंग आलं तेव्हा तीच माणसं रात्री उशिरापर्यंत बसून लेजरमधला डेटा भरत होती.

विलीनीकरणात मूळ निर्णय दिल्लीत होतो, त्यात हात लागणं शक्य नाही. पण कुठल्या दोन शाखा एक करायच्या, कुणी कुणाला शिकवायचं, पहिल्या महिन्यात काउंटरवर पाळ्या कशा लावायच्या, जुन्या ग्राहकांना पत्रात काय लिहायचं, हे गावातल्या माणसांना विचारता येतं. विचारलं जात नाही, कारण विचारायला वेळ लागतो आणि तारीख वरून आलेली असते.

काहींनी निघून जाणं पसंत केलं. सहयोगी बँकांच्या कर्मचाऱ्यांसाठी २०१७ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पात्र होते सुमारे साडेबारा हजार, त्यातल्या सुमारे २,८०० जणांनी ती घेतली. यांना ‘बदल पचवता आला नाही’ असं म्हणायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी हिशेब करून बाहेर पडणं हाही भावना सांभाळण्याचाच एक मार्ग आहे, आणि काउंटरवर कुढत राहण्यापेक्षा पुष्कळदा बरा.

१ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक या दोन्ही मिळून एक झाल्या. म्हणजे नांदेडपासून रत्नागिरीपर्यंतच्या खेड्यांतल्या शाखांत वर लिहिलेलं सगळं पुन्हा एकदा घडलं आहे. तिथल्या व्यवस्थापनाला सांगायचं तर प्रेरणादायी वक्ता पुढच्या वर्षी बोलवा. आधी बदलीचे निकष आणि सीनियॉरिटी यादी नोटीस बोर्डावर लावा, आणि जे ठरलेलं नाही ते कधी ठरणार याची तारीख त्याखाली लिहा. आणि वाचकहो, तुमचं खातं अशा एखाद्या शाखेत असेल, काम अडलं असेल, तर तक्रार जरूर करा. पण काउंटरवर आवाज चढवू नका. तक्रार लेखी करा, वरच्या कचेरीला पाठवा, आणि त्यात समोर बसलेल्या बाईंचं नाव न घालता शाखा, तारीख आणि बंद पडलेल्या सेवेचं नाव घाला.